सावेडीच्या भिंतीवरचं सार्वमत

नळाला पाणी यायची वेळ ही आमच्या सावेडीच्या गल्लीत बातम्यांचीही वेळ. पाणी एक दिवसाआड, त्यामुळे बातम्याही साचलेल्या. मी टाकीत पाइप सोडून कंपाउंडच्या भिंतीशी आले, तर पलीकडे माई कुरडयांवरचं फडकं सारखं करत माझीच वाट बघत होत्या.

“ऐकलंस का? नातवाला फ्रेंच शाळेत घातलं.”

“फ्रेंच? अहो, पण ते तर कॅनडात ना?”

“कॅनडातच. पण माँट्रियल म्हणजे क्यूबेक प्रांत. तिथं बाहेरून स्थायिक व्हायला आलेल्यांच्या पोरांना सरकारी पैशाची शाळा हवी असेल, तर ती फ्रेंचच. १९७७ चा कायदा आहे. आमच्या चिरंजीवांनी सहा महिने इंग्रजी शिकवणी लावली होती पोराला. गेली पाण्यात.”

माई इतिहासाच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या, पण वर्ग काही सुटला नाही. भिंतीच्या अलीकडे जो उभा राहील तो विद्यार्थी. त्यांचे यजमान, आमचे अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गाव पाथर्डी. ते ओट्यावर पेपर उघडून बसतात आणि वाचत काहीच नाहीत, ऐकतात सगळं. त्यात परवापासून माईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, गुडघा दाखवायला श्रीरामपूरहून आलेले. म्हणजे विभाजनाच्या वादातला उत्तर आणि दक्षिण नगर जिल्हा एकाच ओट्यावर.

“इतका कडक कायदा?” मी म्हटलं.

“दुकानाच्या पाटीवर फ्रेंच ठळक पाहिजे. चौकातल्या थांबायच्या पाटीवर खुद्द फ्रान्समध्ये ‘स्टॉप’ चालतं, यांच्याकडे बहुतेक ठिकाणी फ्रेंच शब्दच. आपल्याकडे २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला, तेव्हा हाच पोरगा फोनवर म्हणत होता, आई, कसली गं ही भांडणं? आता स्वतःवर आली तर कळलं.”

“पण एवढं दुखणं कशाचं त्यांना?” मामांनी विचारलं.

झालं. माईंनी पदर खोचला.

“सन १७५९. सप्टेंबर महिना. क्यूबेक शहराबाहेरच्या माळावर इंग्रज आणि फ्रेंच समोरासमोर. इंग्रजांचा वुल्फ, फ्रेंचांचा माँकाम. लढाई तासाभराच्या आतच आटोपली. दोन्ही सेनापती मेले, शहर इंग्रजांच्या हाती गेलं. १७६३ मध्ये पॅरिसला तह झाला आणि फ्रान्सनं कॅनडावर पाणी सोडलं. राजा गेला, सरदार गेले, राहिले साठ-सत्तर हजार शेतकरी, त्यांचे पाद्री आणि त्यांची भाषा. भोवताली सगळा इंग्रजीचा समुद्र. आता सांग, त्याच १७५९ साली आपल्या नगरला काय झालं?”

मी मुकाट. मामा गुडघा चोळू लागले.

“आपला भुईकोट किल्ला निजामाकडे होता. त्याचा किल्लेदार कवीजंग. त्यानं पैसे घेऊन किल्ला पेशव्यांच्या हवाली केला. तिकडे दोन सेनापती पडले, इकडे थैल्या पडल्या.”

“म्हणजे नगरला तेव्हापासूनच असं चालतं!” मामा खूश.

“श्रीरामपूर तेव्हा नकाशावर तरी होतं का?” अण्णा पेपराआडून म्हणाले.

“दाजी, विषय फ्रेंचांचा चाललाय.”

“फ्रेंच नगरलाही होते,” माईंनी सूत्रं परत घेतली. “किल्ला पुढे दौलतराव शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली आला. आठ तारखेला शिड्या लावून पेठेची भिंत ओलांडली आणि बारा तारखेला किल्ला घेतला. तेव्हा आत जी शिंद्यांची कवायती पलटण होती, तिच्यावरचे अधिकारी फ्रेंच होते. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. नेपोलियनच्या आधी त्यानं नगरचे फ्रेंच हरवले, असं मी वर्गात सांगायची.”

“आणि ती चिंच?” मी विचारलं. किल्ल्यासमोरच्या चिंचेखाली वेलस्ली जेवायला बसला, ही आख्यायिका नगरच्या प्रत्येक पोरानं ऐकलेली असते.

“जेवला असेल. पण कुणाच्या घरचं काय लुटून जेवला, ते आख्यायिकेत नाही.”

अण्णांनी आता पेपर खाली ठेवला. “पेठेतल्या लोकांना कुणी विचारलं का, बाबांनो, तुम्हाला निजाम हवा, पेशवा हवा की इंग्रज?”

“कोण विचारतंय? क्यूबेकच्या शेतकऱ्याला तरी कुणी विचारलं? पण एक सांगते, इंग्रज हुशार. जिथं लोक जास्त आणि आपण मूठभर, तिथं तो लोकांच्या देवाला आणि वतनाला हात लावत नाही. १७७४ मध्ये त्यानं क्यूबेकसाठी कायदा केला: तुमचा कॅथलिक धर्म ठेवा, जमीनजुमल्याचे फ्रेंच कायदे ठेवा, फक्त आमच्याशी इमान राखा. शेजारच्या अमेरिकन वसाहती तेव्हा बंडाच्या तयारीत होत्या ना, म्हणून. १८१८ ला पेशवाई बुडाली, तेव्हा इंग्रजांच्या एल्फिन्स्टननं इथं तेच केलं. इनामं ठेवली, पाटील-कुलकर्णी ठेवले, दक्षिणासुद्धा लगेच बंद केली नाही. त्याच वर्षी हा जिल्हा झाला. नाशिकसुद्धा आपल्याच पोटात होतं, ते १८६९ मध्ये वेगळं काढलं.”

“म्हणजे जिल्ह्याचं विभाजन दीडशे वर्षांपूर्वीच एकदा झालंय,” मामांनी तेवढं नेमकं उचललं.

“झालंय. आणि तेव्हाही कुणाला विचारलं नव्हतं,” अण्णा म्हणाले.

तेवढ्यात माझी टाकी भरून वाहू लागली. मी पळत जाऊन पाइप बादलीत टाकला आणि परत आले, तोवर माई किल्ल्यातल्या तुरुंगापर्यंत पोहोचल्या होत्या.

“ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण इथं आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब, पट्टाभी सीतारामय्या आणि आपले शंकरराव देव. नेहरूंनी इथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मौलाना पहाटे उठून आपल्या हातानं बिनदुधाचा चहा करायचे आणि पत्रं लिहायचे, ज्यांचं पुढे ‘गुबार-ए-खातिर’ झालं, हे थोड्यांना ठाऊक असतं. पण मी मुलांना वेगळाच प्रश्न घालायची. सांगा, महाराष्ट्र राज्याचं भांडण कुठल्या आवारात मुक्कामाला होतं?”

“किल्ल्यात?” मी.

“किल्ल्यातच! बघ हं. डिसेंबर १९४८ मध्ये काँग्रेसनं भाषावार प्रांतांचा विचार करायला तिघांची समिती नेमली. जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभी. तिघंही आपल्या किल्ल्यातले सोबती. एप्रिल १९४९ मध्ये त्यांनी सांगितलं, आत्ता घाई नको, आणि मुंबई तर महाराष्ट्रात नकोच. १९५६ ला राज्य पुनर्रचनेचं विधेयक आलं, तेव्हा गृहमंत्री कोण? गोविंद वल्लभ पंत. तेही किल्ल्यातले. आणि या सगळ्यांसमोर मुंबईसह महाराष्ट्र मागायला संयुक्त महाराष्ट्र परिषदेचा अध्यक्ष म्हणून उभा कोण? शंकरराव देव. तोही किल्ल्यातलाच. तीन-तीन वर्षं एका भिंतीच्या आत काढलेली माणसं ही. एकमेकांचा खोकला ओळखत असतील. तरी पुढे मुंबईवरून समोरासमोर.”

“काय सांगता!” मी खरंच चाट पडले. इतकी वर्षं नगरात राहतेय, हे कुणी असं सलग सांगितलं नव्हतं.

“तुरुंगात दोस्ती होते बाई, सत्तेत हिशेब होतो,” अण्णा म्हणाले.

“मग १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं, मुंबई केंद्राच्या ताब्यात. मुंबई पेटली. गोळीबार झाले. सगळ्या लढ्यात शंभरावर माणसं गेली. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. तरी नोव्हेंबरात गुजरातीसह द्वैभाषिक मुंबई राज्य आमच्या माथी मारलंच. पुन्हा न विचारता.”

“पण पुढच्या वर्षी लोकांनी न विचारता उत्तर दिलं,” मामा म्हणाले. त्यांच्या वडिलांची ही आवडती गोष्ट असावी, कारण गुडघा विसरून ते उठून भिंतीपर्यंत आले. “१९५७ ची निवडणूक. काँग्रेसच्या विरोधात संयुक्त महाराष्ट्र समिती. नगरमधून रघुनाथ खाडिलकर लोकसभेवर गेले, कोपरगावातून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बापूसाहेब कांबळे. आख्ख्या जिल्ह्यातनं दिल्लीला निरोप गेला. संगमनेरकडे दत्ता देशमुख, पारनेरचे सेनापती बापट, लाल झेंडेवाले, सगळे एका मांडवात.”

“तीच खरी मतमोजणी,” माई म्हणाल्या. “सरकारनं प्रश्न विचारला नव्हता, लोकांनी निवडणुकीलाच प्रश्नपत्रिका केलं. तीन वर्षांत, १ मे १९६० ला, राज्य मिळालं. आणि आता गंमत ऐक. त्याच १९६० च्या २२ जूनला क्यूबेकात झाँ लेसाज निवडून आला. तिथले लोक तिथून पुढच्या काळाला शांत क्रांती म्हणतात. आपला आणि त्यांचा पाळणा सात-आठ आठवड्यांच्या अंतरानं हलला.”

“क्रांती आणि शांत? हे कसं?”

“गोळी नाही, बंदूक नाही. शाळा, दवाखाने आजवर चर्चच्या हातात होते, ते सरकारनं घेतले. आणि वीज! गावाची नदी फ्रेंच माणसाची, कारखान्यातला मजूर फ्रेंच, पण वीज कंपनीचा मालक आणि साहेब इंग्रजी बोलणारा. रेने लेवेक नावाचा मंत्री होता, आधीचा टीव्हीवरचा पत्रकार. त्यानं हट्ट धरला आणि १९६३ मध्ये खासगी वीज कंपन्या प्रांतानं विकत घेतल्या. पहिल्यांदा फ्रेंच इंजिनियर फ्रेंचमध्ये धरणं बांधू लागले.”

इथं अण्णांच्या डोळ्यांत चमक आली. धरण म्हटलं की त्यांची कळी खुलते. “आपल्याकडे तेच उसानं केलं. इंग्रजांनी प्रवरेवर भंडारदरा बांधलं, १९२६ ला पुरं झालं. कालव्याखाली ऊस आला, पण कारखाने खासगी कंपन्यांचे. शेतकरी नुसता ऊस घालणारा. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून, शेतकऱ्यांकडून भाग गोळा करून, १९४८ ला सहकारी कारखाना नोंदवला. १९५०-५१ ला पहिला हंगाम. आणि पहिले अध्यक्ष कोण? अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ.”

“तेच गाडगीळ संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडणाऱ्यांतही होते,” माई म्हणाल्या. “म्हणून म्हणते, ही भाषेची भांडणं नुसती भाषेची कधीच नसतात. कारखान्याच्या गेटवर साहेब कोण, याचीही असतात.”

“बरोबर आहे आक्का,” मामा म्हणाले, “पण साहेब आपला झाला तरी साहेब तो साहेबच. आमच्या उत्तरेला विचारा.”

“उत्तरेला काय विचारायचं? पाणी तुम्हाला, कारखाने तुम्हाला, मंत्री तुम्हाला,” अण्णा तडकले. “आमच्या पाथर्डीचा माणूस दसरा झाला की कोयता घेऊन तुमचा ऊस तोडायला निघतो.”

“दाजी, आमचंही पाणी पावसाळा संपला की जायकवाडीला सोडतात. २००५ च्या समन्यायी वाटपाच्या कायद्यानं. आम्ही कुणाला सांगायचं?”

आता ही जुंपणार म्हणून मी मध्ये पडले. “माई, ते राहू दे. क्यूबेकला सार्वमत घेऊन विचारलं की नाही शेवटी?”

“विचारलं. पण त्याआधी गोवा घे, म्हणजे कळेल. गोवा काही नगरला परका नाही. आपले सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे मे १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत घुसले. बापट तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले. पारनेरचा म्हातारा पोर्तुगिजांच्या लाठ्या खायला जातो म्हणजे काय! डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. त्यांचं म्हणणं, गोवा महाराष्ट्रात घाला. विरोधकांचं म्हणणं, आमचं आम्ही राहू. मग संसदेनं १९६६ ला खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला गोव्याला सरळ विचारलं. विलीनीकरणाला चिन्ह फूल, वेगळं राहायला दोन पानं. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही कळावं म्हणून.”

“आणि बांदोडकर मुख्यमंत्रिपदावर बसूनच प्रचार करत होते?” मामा.

“नाही ना! मतदान निर्मळ व्हावं म्हणून त्यांनी आधी राजीनामा दिला. आज सांगून पटणार नाही. निकाल काय? दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१, फुलाला १ लाख ३८ हजार १७०. चौतीस हजारांच्या फरकानं गोवा वेगळा राहिला. आणि दोनच महिन्यांत निवडणूक झाली, तर त्याच गोयंकरांनी पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिलं! तुमचा प्रश्न नको, पण माणूस तुम्हीच पाहिजे.”

“हे बरंय,” मी म्हटलं.

“क्यूबेकात अगदी हेच झालं. त्या लेवेकनं वेगळ्या देशासाठी पक्ष काढला, १९७६ ला निवडून आला, ७७ ला तो शाळेचा कायदा केला आणि २० मे १९८० ला लोकांना विचारलं, कॅनडाशी वेगळं होण्याची बोलणी करू का? शेकड्यात साठ लोक नको म्हणाले. पुढच्याच वर्षी त्यालाच पुन्हा गादीवर बसवलं. आणि त्याच्या विरोधात दिल्लीश्वर, म्हणजे ओटावाचा पंतप्रधान, कोण? पिएर त्रूदो. तोही माँट्रियलचाच, फ्रेंच बोलणारा. आपले चिंतामणराव एकीकडे आणि काही मराठी मंत्री दुसरीकडे, तसंच. १९८२ मध्ये त्रूदोंनी नवी राज्यघटना आणली, तिच्यावर क्यूबेकनं आजतागायत सही केलेली नाही. तरी ती लागू आहे.”

“सही नाही आणि लागू? आमच्या सोसायटीच्या ठरावासारखं,” मामा.

“मग १९९५. तीस ऑक्टोबर. त्र्याण्णव टक्क्यांवर मतदान, अगं, त्र्याण्णव! नकोवाले पन्नास पूर्णांक अठ्ठावन्न शतांश टक्के. फरक ५४ हजार २८८ मतांचा. सावेडी आणि केडगाव मिळून निकाल फिरवतील एवढासा. लोक रात्रभर टीव्हीसमोर. एक देश थोडक्यात मोडता मोडता राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर गेले.”

“दंगल नाही?”

“नाही. १९७० च्या ऑक्टोबरात तिथं अपहरणं झाली होती, एका मंत्र्याचा खून झाला, लष्कर रस्त्यावर आलं होतं. त्या वाटेनं पुन्हा जायचं नाही, हे लोकांनीच ठरवलं. पण १९९५ चा प्रश्न मात्र लबाड होता. लांबलचक वाक्य, त्यात भागीदारीचा प्रस्ताव, त्यात कराराचा हवाला. वेगळा देश हवा का, असं धड विचारलंच नाही. म्हणून १९९८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही. पण प्रश्न स्पष्ट असेल आणि बहुमतही स्पष्ट असेल, तर बाकीच्या देशाला बोलणी करावीच लागतील. २००० मध्ये तसा कायदाही झाला.”

अण्णा उठून भिंतीशी आले. म्हणजे विषय धरणावर येणार, हे मी ओळखलं. “आणि ते धरणाचं सांग ना, परवा पोरानं सांगितलेलं.”

“हो, ते राहिलंच. क्यूबेकच्या उत्तरेला क्री नावाचे आदिवासी राहतात. प्रांताची मोठमोठी जलविद्युत धरणं त्यांच्या भागात, जेम्स बेला. १९९५ च्या सार्वमताच्या सहा दिवस आधी क्रींनी आपलं वेगळं मतदान घेतलं. शंभरातले शहाण्णव म्हणाले, आम्ही क्यूबेकबरोबर कॅनडातून बाहेर पडणार नाही. म्हणजे तुम्ही कॅनडा तोडणार असाल, तर आम्ही धरणांसकट क्यूबेक तोडू.”

“ऐकलंत मेव्हणे?” अण्णा मामांकडे वळले. “आता आपल्या जिल्ह्याचं बोला. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, क्षेत्रफळानं राज्यात पहिला. अकोले तालुक्यातल्या माणसाला कलेक्टर कचेरी गाठायला शंभराच्या वर किलोमीटर. तोडा म्हणता, तोडू. पण राहुरी कुठं घालणार? लोकसभेला ती आमच्याबरोबर दक्षिणेत, ऊस आणि कालवे तुमच्याबरोबर उत्तरेत. आणि मुळा धरण राहुरी तालुक्यात! आत्ता या नळाला जे पाणी आलंय, ते त्याच धरणाचं. राहुरी तुमच्याकडे गेली तर नगरकर पाणी पिणार परजिल्ह्याचं.”

सगळ्यांनी एकदम माझ्या बादलीकडे पाहिलं.

“राहुरीचं नंतर बघू,” मामा म्हणाले. “मुख्यालय श्रीरामपूरला. विषय संपला. एमएच-१६ तुमचा, एमएच-१७ आमचा. गाड्यांच्या पाट्या तर कधीच वेगळ्या झाल्यात.”

“संगमनेरवाले म्हणतात आमच्याकडे. आणि २०२३ ला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झालं शिर्डीला!” अण्णांनी बरोबर खपली काढली.

मामांचा तीळपापड झाला. “ते कसं झालं ते आम्हाला ठाऊक आहे.” पुढचं ते जे बोलले, ते भिंतीपलीकडेच राहू दे.

“आणि जिल्ह्याचं नवं नाव?” मी हळूच विचारलं.

“नावाचं काय? अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, १७२५ सालचा. जिल्ह्याला त्यांचं नाव लागलं याचा मला अभिमानच आहे,” माई म्हणाल्या. “मे २०२३ ला चौंडीत घोषणा झाली, ऑक्टोबर २०२४ ला केंद्राची मान्यता आली. त्याच आठवड्यात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही चांगलं झालं. पण चौदा तालुक्यांत एकदा मतपेटी फिरवून हेच नाव आलं असतं, तर त्याला आणखी वजन आलं असतं. चांगल्या गोष्टीलाही लोकांना विचारायला काय हरकत आहे?”

“विचारलं तर भांडणं होतील,” मी.

“मग आत्ता काय होतंय?” माईंनी ओट्याकडे बोट केलं. “क्यूबेकात नव्वद लाख लोक, महाराष्ट्राच्या पाचपट जमीन. आख्ख्या देशाचा प्रश्न त्यांनी दोनदा मतपेटीत घातला आणि दोनदा हार पचवली. आता तिथं वेगळा देश मागणारेसुद्धा आधी सार्वमत घेऊ असंच म्हणतात. गोव्यानं विचारल्यावर स्वतःची वाट धरली, १९८७ ला राज्यही झालं, आणि आपलं त्यांचं येणंजाणं थांबलं का? विचारून झालेली वाटणी पचते. वरून लादलेली तीन पिढ्या डोक्यात राहते. द्वैभाषिक किती टिकलं? साडेतीन वर्षं.”

अण्णा म्हणाले, “आपल्याकडे जिल्ह्यासाठी सार्वमताची तरतूद नाही.”

“नसू दे. पण १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात जिल्ह्याची हद्द बदलायच्या आधी मसुदा जाहीर करून हरकती मागवायच्या असतात. २०१४ ला ठाण्यातून पालघर काढलं, त्यानंतर राज्यात नवा जिल्हा झालेला नाही. आपला नंबर कधीतरी लागेलच. तेव्हा लोक काय करतात? मोर्चा काढतात, गाव बंद ठेवतात, टायर जाळतात. हरकतीचा कागद मात्र कुणी लिहीत नाही. मुदत संपली की मग भिंतीवर बसून मोर्चातल्या घोषणा आठवतात.”

यावर मामाही काही बोलले नाहीत. पाणी गेलं होतं. नळानं दोनदा हवा फुसफुसली आणि गल्लीतल्या मोटारी एकेक करून बंद झाल्या.

तेव्हा नगरकरांनो, तुम्ही अकोल्याचे असा की जामखेडचे, विभाजन हवं असेल वा नको असेल, एवढं करा. मसुदा निघेल तेव्हा ग्रामसभेत ठराव मांडा आणि हरकत किंवा सूचना लेखी द्या, पोच घ्या. मुख्यालय कुठं हवं ते लिहा, पण राहुरी आणि मुळा धरण कुठं जाणार हेही लिहा. आणि आपल्या आमदाराला एकच गोष्ट मागा: प्रश्न गोव्याच्या फुला-पानांइतका सोपा ठेवा, आणि आम्हाला विचारा.